आत्याच्या नावावर नसलेले चार पेपर

आत्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात तिच्या संस्थेत बढतीचे अर्ज निघाले. पंधरा दिवस स्क्रीनकडे बघायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अर्ज मात्र बारा दिवसांत भरायचा, तोही सगळाच्या सगळा कॉम्प्युटरवर. म्हणून मला बोलावणं आलं.

"नाहीतरी तुझं काम दुसऱ्यांच्या चुका शोधायचंच," ती फोनवर म्हणाली. "आता जरा माझ्या शोध."

मी शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासते. काम घरूनच असतं, त्यामुळे दुपार काढता येते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय अठ्ठावन्न. ती बायोकेमिस्ट्रीत संशोधन करते, यापलीकडे आम्हा घरच्यांना फारसं काही कळत नसे. कुणी विचारलं की वडील सांगायचे, "ती लिव्हरवर काम करते." मग नातेवाईक आपापले रक्ताचे रिपोर्ट घेऊन तिच्याकडे यायचे. 'मी डॉक्टर आहे, पण औषधं देणारी डॉक्टर नव्हे,' हे तिनं वर्षानुवर्षं समजावून सांगितलं. शेवटी हात टेकले आणि मुकाट्यानं रिपोर्ट बघायला लागली.

पहिल्या दुपारी तिच्या संस्थेत गेले तर लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझा श्वास फुलला. आत्या एका डोळ्यावर पट्टी आणि वर चष्मा अशा अवतारात दारात उभी होती. "दमलीस? मी हे रोज चारदा करते," असं म्हणाली आणि आत जाऊन माझ्या आधी तीच खुर्चीत टेकली.

तिची खोली म्हणजे खरं तर लॅबचाच एक कोपरा, कपाट आडवं घालून वेगळा केलेला. खिडकी होती, पण बाहेरून वायू काढणारा जाड पाइप गेला असल्यामुळे ती उघडत नसे. पलीकडे लांबलचक कामाचं टेबल, त्यावर पिपेटांचा स्टँड, बर्फाची पेटी आणि धुण्याच्या मशीनएवढं सेंट्रिफ्यूज. ते फिरायला लागलं की आत्याच्या टेबलावरची बशी कपाखाली किणकिणायची. फ्रीजना आत जागा उरली नव्हती, म्हणून ते बाहेर कॉरिडॉरमध्ये ओळीनं उभे होते आणि दिवसभर घरघरत होते.

"या आवाजानं झोप येत नाही का गं?" मी विचारलं.

"येते ना. बावीस वर्षं येतेय."

बावीस वर्षं तिनं एकाच एन्झाइमवर काम केलं होतं. आपण जे खातो त्यातून शरीरात अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो, आणि लिव्हर त्याचा निरुपद्रवी युरिया करून टाकतं. एका हातातून दुसऱ्या हातात देत देत हे काम होतं, आणि त्यातला शेवटचा हात म्हणजे आत्याचं एन्झाइम. ते चालायला एका धातूचे कण लागतात. धातू काढून घेतला की ते बंद पडतं. पण मरत नाही, झोपतं, आणि धातू परत दिला की उठतं, हे आत्यानं दाखवलं होतं. त्यासाठी दर गुरुवारी सकाळी सहाला ती बर्फाची पेटी घेऊन कत्तलखान्यात जायची आणि ताजं लिव्हर घेऊन बसनं लॅबमध्ये यायची. बसमध्ये कुणी विचारलं, "काय हो त्यात?" तर सांगायची, "ऑफिसचं सामान."

आता त्या झोपण्या-उठण्यातला एकच टप्पा कळायचा राहिला होता. त्यासाठी तिला दोन वर्षं हवी होती, आणि निवृत्ती दीडेक वर्षावर आली होती. संस्थेचा नियम असा, की प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेल्याला पुढे दोन वर्षं लॅबमध्ये एक टेबल आणि एक किल्ली मिळते. बाकीच्यांनी शेवटच्या दिवशी सही करून निघायचं. बढती तिला एवढ्यासाठी हवी होती. आधी दोनदा नाकारली गेली होती. पहिल्यांदा कारण दिलंच नाही. दुसऱ्यांदा, सहा वर्षांपूर्वी, आकड्यांचा नियम आला.

"तो काय नियम?" मी विचारलं.

"एकूण सायटेशन हजार आणि एच-इंडेक्स बारा."

"मराठीत सांग."

ती हसली. "माझ्या पेपरचा दुसऱ्या कुणी आपल्या पेपरमध्ये उल्लेख केला की माझं एक सायटेशन. असे सगळे मिळून हजार पाहिजेत. आणि माझे निदान बारा पेपर असे पाहिजेत, की त्यातल्या प्रत्येकाचा निदान बारा वेळा कुणीतरी उल्लेख केलाय. मग एच-इंडेक्स बारा."

"आणि तुझे किती?"

"नऊ. आणि एकूण काहीतरी चारशेच्या आत. बघ तूच."

मी बघितलं. संस्था ज्या डेटाबेसमधून आकडे घेते त्यात आत्याच्या नावावर बावीस पेपर होते. एकूण सायटेशन तीनशे शहाऐंशी, एच-इंडेक्स नऊ. ज्या पेपरवर तिचा सगळ्यात जीव होता, तो एन्झाइमच्या झोपेचा, त्याचा अकरा वेळा उल्लेख झालेला. त्यातले पाच तिनं स्वतःच केलेले.

"मग अर्ज कशाला करतेस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"रकाने भरायची सवय आहे म्हणून."

माझ्या धंद्याची सवय अशी, की समोर एक यादी असली की मी तिच्या जोडीला दुसरी मागते. कपाटात तिच्या हातची जुनी यादी सापडली, निळ्या शाईतली, दरवर्षी खाली भर घालत आणलेली. दोन्ही शेजारी ठेवून ओळीओळीनं ताडून बघितलं. हातच्या यादीत सव्वीस पेपर होते. कॉम्प्युटरवरचे चार गायब, आणि चारही सलग चार वर्षांतले.

त्यातल्या एकाचं शीर्षक मी डेटाबेसमध्ये टाकलं. पेपर सापडला. युरिया मोजायच्या रंगद्रावणाबद्दलचा, चार पानांचा. सायटेशनच्या रकान्यात आकडा होता दोन हजार एकशे चाळीस. मी शून्य चुकून जास्त पडलं की काय म्हणून परत बघितलं. आणि ज्याच्या नावावर तो पेपर होता त्या माणसाचा फोटो शेजारीच होता. केस पांढरे झालेले, चष्मा बदललेला, पण चेहरा मी लगेच ओळखला. आतोबा. आत्याचा आधीचा नवरा.

त्या चार वर्षांत आत्या त्यांचं आडनाव लावत होती. योगायोगानं दोघांच्या नावाचं पहिलं अक्षरही एकच. डेटाबेसला माणसं कळत नाहीत. त्याला अक्षर आणि आडनाव कळतं. त्यानं दोघांची एक व्यक्ती केली होती, आणि लग्न मोडून चोवीस वर्षं झाली तरी ती मोडलेली नव्हती.

"आत्या, हे बघ..." म्हणून मी तिच्याकडे वळले. ती पिपेट पुसत बसली होती.

"सापडले का ते चार?" तिनं शांतपणे विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"सहा वर्षांपूर्वीच दिसलं. मागच्या अर्जाच्या वेळी."

"मग तू काही केलं नाहीस?"

"केलं. मेल लिहायला घेतला त्याला. 'प्रिय' लिहू की 'महोदय' लिहू, तिथंच अडकले. तेवढ्यात सेंट्रिफ्यूज थांबलं, म्हणून उठले. परत बसायला जिवावर आलं." तिनं पिपेट स्टँडला लावलं. "राहू दे गं. कुणाला भेटायचंय आता जुन्या गोष्टींना."

मला राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. मी तिला हिशेब करून दाखवला. त्या चारांपैकी तीन पेपरना तीस-चाळीस-साठ असे उल्लेख होते. ते तीन आले तर एच-इंडेक्स अकरा, एकूण पाचशे वीस. तरी नापास. द्रावणाचा चौथा आला तर बरोब्बर बारा, आणि एकूण अडीच हजारांच्या वर.

"काठावर पास," मी म्हटलं.

"शाळेत पण तशीच व्हायचे मी, चित्रकलेत," ती म्हणाली. मग खाली वाकून बर्फाच्या पेटीचं झाकण उघडलं, लावलं. "लिही मेल. 'महोदय' लिही. आणि माझ्या डोळ्याचं कारण सांग, म्हणजे मी का नाही लिहिला ते कळेल."

मी एक मेल डेटाबेसवाल्यांना लिहिला, एक आतोबांना. डेटाबेसवाल्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, अतिशय गोड. हे पेपर सध्या ज्यांच्या नावावर आहेत त्यांची संमती आणा, किंवा पूर्ण नाव असलेला छापील पुरावा पाठवा. आतोबांचं उत्तर आलं नाही.

छापील पुरावा म्हणजे जुनी नियतकालिकं. संस्थेची लायब्ररी तळघरात होती आणि तिथला ग्रंथपाल 'शांतता' या नावानं प्रसिद्ध होता, कारण दिवसभरात तो तेवढाच एक शब्द बोलायचा. लायब्ररीत येतं कोण? तरी बोलायचा. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाही मान हलवली नाही. मग चाव्या उचलल्या आणि पुढे चालायला लागला.

सरकत्या कपाटांच्या मधल्या बोळात आम्ही दोन दुपारी काढल्या. पेपरवर नुसती आद्याक्षरं छापलेली, त्यांचा उपयोग नव्हता. शेवटी त्यालाच सुचलं. दर वर्षाच्या अखेरीस नियतकालिक लेखकांची सूची काढायचं, आणि त्या सूचीत पूर्ण नाव असायचं. वर्षाच्या बांधीव खंडात अगदी शेवटी, बारीक टाइपात. पहिलं नाव सापडलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ओरडले. आणि त्यानं "शांतता" म्हटलं नाही! वर चष्मा पुसून दोनदा ते नाव वाचलं.

"मॅडम दर वर्षी येऊन विचारतात, अमुक अंक आला का," तो म्हणाला. "मी सांगतो, आपण बंद केला. तरी पुढच्या वर्षी विचारतात."

तीन पेपरचे पुरावे मिळाले. चौथा, नेमका द्रावणाचा, मिळाला नाही. त्या नियतकालिकाची वर्गणी संस्थेनं त्याच वर्षी बंद केली होती. आठ अंक होते आणि वर्षअखेरची सूची नव्हती. ग्रंथपालानं आणखी दोन लायब्रऱ्यांना फोन केले. दोन्हीकडून नकार आला.

मी वर येऊन आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मिळाले तेवढे पाठव." जणू भाजी आणायला पाठवलं होतं आणि एक जिन्नस मिळाला नाही.

त्या दुपारी काही काम नव्हतं, आणि तिनं आपण होऊन मला त्या द्रावणाची गोष्ट सांगितली. तेव्हा ती तिशीत होती आणि दोघं एकाच संस्थेत, वेगवेगळ्या लॅबमध्ये होती. लॅबमध्ये ती त्यांना 'तू' म्हणायची आणि घरी सासऱ्यांसमोर 'अहो'. "दरवाज्यातून आत पाऊल टाकताना व्याकरण बदलायचं," ती म्हणाली. सासऱ्यांना पक्षाघात झाला आणि ते अंथरुणाला खिळले. आतोबा आठला लॅबमध्ये जायचे. ही सासऱ्यांना अंघोळ घालून, भरवून, कूस बदलून अकराला पोचायची. युरिया मोजायचं द्रावण रोज ताजं करावं लागे, दोन तास जायचे, आणि चार तासांत ते काळं पडायचं. म्हणजे हातात काय राहिलं? दुपारचा एक तुकडा. तिचे सर, जे आता हयात नाहीत, एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, घर एवढं असेल तर लॅब कशाला?

"म्हणून म्हटलं, न काळवंडणारं द्रावण करू. बस. विज्ञानाची सेवा वगैरे काही नाही. मला वेळ नव्हता." एकाच्या दोन बाटल्या केल्या, एकीत चिमूटभर एक क्षार घातला, तपकिरी काचेत ठेवल्या. आठ महिने टिकलं. सर म्हणाले, लिहून टाक. तिनं एका शनिवारी लिहून टाकलं. तिचं आणि सरांचं, दोघांचंच नाव. आतोबांचा त्यात काही संबंध नव्हता. पुढे सासरे गेले, आतोबांना दुसऱ्या शहरात मोठी जागा मिळाली. एकाच संस्थेत नवरा-बायको दोघं नकोत असं तिथल्यांचं मत पडलं, म्हणून ही मागे राहिली. वर्षभरानं कागदांवर सह्या झाल्या.

"भांडण?" मी विचारलं.

"भांडायला एका गावात असावं लागतं."

अर्जाला सहा दिवस राहिले असताना आतोबांचा फोन आला. आत्याच्या हातात मोजे होते म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावला. मी उठायला लागले तर तिनं मानेनंच बस म्हटलं.

"मेल मिळाला," आतोबा म्हणाले. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला होता. "डोळा कसा आहे?"

"दिसतंय."

"मेल तू लिहिलेला नाहीस. ही तुझी भाषा नाही."

"भाचीनं लिहिला."

"ती? जिला मी ब्लेडनं पेन्सिल तासायला शिकवलं?"

"तीच. इथंच बसलीय, ऐकतेय."

मी नमस्कार म्हणणार, तेवढ्यात ते पुढे बोलायला लागले.

"यंत्रानं टाकले ते माझ्या नावावर," आतोबा म्हणाले. "मी मागितले नव्हते."

"माहीत आहे."

"काढायचे होते. खरंच काढायचे होते. लोक भेटले की त्या द्रावणाबद्दलच बोलायचे. सुरुवातीला मी सांगायचो, अहो ते माझ्या बायकोचं. मग सह्या झाल्या. त्यानंतर काय सांगायचं? माझी बायको होती तिचं? माणूस चहाचा कप घेऊन उभा असतो, त्याला एवढं कोण सांगत बसणार? एकदा गप्प बसलो. मग बसतच गेलो."

आत्यानं हातातली नळी बर्फात खोचली.

"माझी फेलोशिप पुढच्या महिन्यात परत मंजुरीला जायचीय," ते म्हणाले. "निवृत्तीनंतर तेवढंच आहे मला. खोली आहे, दोन विद्यार्थी आहेत. ते पण हे आकडेच बघतात. माझा आकडा निम्मा होईल. तू एक महिना थांबशील का? मग मी स्वतः सगळं करून देतो."

"माझा अर्ज सहा दिवसांत जायचाय."

"पुढच्या वर्षी..."

"निवृत्तीला वर्ष राहिलं की अर्ज घेत नाहीत."

"निम्मा होईल गं," ते परत म्हणाले.

"होऊ दे. आकडा पडला तरी त्याला लागत नाही."

आतोबा एकदम हसले आणि त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत आत्या थांबली. मग म्हणाली, "हे बघ, मला भांडायचं नाही. तेवढी ताकद पण नाही. मागणी मी मागे घेत नाही, आणि तुला गळही घालत नाही. तू ठरव. फक्त ते द्रावण मी का केलं, ते तुला ठाऊक आहे."

"आहे. बाबांमुळे."

"मग झालं."

फोन बंद झाला. आत्यानं मोजे काढून डब्यात टाकले, नवे चढवले आणि कामाला लागली. मीच आपली उगाच यादी चाळत बसले. त्यांना 'तू' म्हणाली, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

एक दिवस गेला, दोन गेले. मी दर तासाला मेल बघत होते. आत्या विचारतही नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी डेटाबेसवाल्यांकडून निरोप आला. सध्याच्या धारकाची संमती मिळाली आहे, चारही लेख आपल्या नावावर केले आहेत, तसदीबद्दल क्षमस्व. आतोबांचा स्वतःचा एक शब्द नाही. मी स्क्रीनवरचा आकडा मोठ्यानं वाचला. एच-इंडेक्स बारा. एकूण दोन हजार सहाशे साठ.

"बरं झालं," आत्या म्हणाली. खुर्चीतच मागे टेकून तिनं बरा असलेला डोळा मिटला. मला वाटलं रडतेय. ती झोपली होती.

मुलाखत दोन महिन्यांनी झाली. तोवर तिची पट्टी निघाली होती. पाच जणांची समिती होती. आत काय झालं ते तिनं बाहेर आल्यावर जिन्यात बसून सांगितलं, कारण लिफ्ट बंदच होती आणि एका दमात उतरायचं तिच्या जिवावर आलं होतं. अध्यक्षांनी आकडे बघितले आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, म्हणजे त्या द्रावणवाल्या तुम्हीच? आम्ही विद्यार्थी असताना तेच वापरायचो! तपकिरी बाटली!" दुसऱ्याला पण आठवलं. तिसऱ्यानं सांगितलं, त्याच्या हातून एकदा ती बाटली शर्टावर सांडली होती, तो डाग शेवटपर्यंत गेला नाही. वीस मिनिटं द्रावणावर गेली. सगळे खूश. ती एन्झाइमवर बोलायला तेरा चित्रं घेऊन गेली होती. तिसऱ्या चित्राला अध्यक्ष म्हणाले, हो हो, ते आम्ही वाचलंय.

"वाचलं होतं?"

"नाही गं."

शेवटी बाहेरून आलेल्या एक बाई होत्या, तोवर गप्प बसलेल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. एन्झाइमचं काम तुमच्यानंतर कोण पुढे नेणार?

"काय सांगितलंस?"

"खरं ते. कुणी नाही."

ती प्राध्यापक झाली. लॅबमधल्यांनी केक आणला, ग्रंथपाल तीन मजले चढून आला आणि काही न बोलता अर्धा तुकडा खाऊन गेला. वडिलांनी नातेवाइकांना फोन करून सांगितलं, "लिव्हरमध्ये प्राध्यापक झाली." आत्या सगळ्यांशी नीट बोलली, हसली. मी तिला घरी सोडायला गेले तेव्हा म्हणाली, "त्यांनी मला कशासाठी केलं माहितेय? एका शनिवारी लिहिलेल्या चार पानांसाठी. बावीस वर्षांचं वजन पडलं असतं तर तिसऱ्या चित्रापर्यंत तरी गेले असते."

"पण टेबल मिळालं ना?"

"मिळालं. तक्रार करत नाहीये मी. नुसतं सांगतेय."

आतोबांच्या फेलोशिपचं आम्हाला पुढे कुणाकडून तरी कळलं. तीही मंजूर झाली होती. त्यांच्याकडच्या समितीनं आकडे उघडूनही बघितले नव्हते. ओळखीचा माणूस, जुना माणूस, म्हणून सही करून टाकली. आत्यानं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चला, त्याची खोली राहिली." एवढंच. त्यांनी परत फोन केला नाही, हिनंही केला नाही. त्यांचं पान मी एकदा उघडून बघितलं, तिथं खाली काढलेल्या नोंदींची यादी होती. नुसते ते चारच नव्हेत, आत्याच्या एका जुन्या परिषदेतल्या भाषणाचा सारांशही चुकून त्यांच्या नावावर होता, तोही त्यांनी काढून टाकला होता. आम्ही तो मागितला नव्हता. आम्हाला तो माहीतच नव्हता.

निवृत्तीनंतर आत्या आठवड्यातून तीन दिवस लॅबमध्ये जायला लागली. गुरुवारची फेरी आता तिला झेपत नव्हती. पेटी घेऊन बसची पायरी चढताना गुडघा धरायचा. म्हणून महिन्यातून दोनदाच जायची. दोन वर्षांची मुदत होती. आठ महिन्यांत तिचा राहिलेला टप्पा लागला. धातू परत दिल्यावर एन्झाइम एकदम उठत नाही. आधी अर्धवट जागं होतं, पुन्हा पडतं, मग उठतं. मधली ती अर्धी जाग तिनं मोजून दाखवली. पेपर लिहिला, तीनदा परत आला, चौथ्या ठिकाणी छापून आला. मग मुदत संपायला सात महिने होते तरी तिनं किल्ली परत केली. "आणखी काही सुचलं असतं तर ठेवली असती," म्हणाली. फ्रीजमधल्या नळ्या कुणाला हव्यात का म्हणून तिनं चार लॅबमध्ये विचारलं. कुणाला नको होत्या. नष्ट करायच्या सामानात त्या देताना मी बरोबर होते. तिनं त्या मोजल्या नाहीत, नुसत्या ट्रे उचलून दिल्या.

त्या शेवटच्या पेपरचा अजून कुणी उल्लेख केलेला नाही. मी अधूनमधून बघते. द्रावणाचा मात्र होतच असतो. डेटाबेसवाले दर सोमवारी सकाळी तिला मेल पाठवायचे, तुमच्या लेखाचा या आठवड्यात सहा ठिकाणी उल्लेख झाला, अभिनंदन. एका सोमवारी मी तिच्याकडे होते. ती उशिरा उठली होती, केस मोकळे होते, समोर चहा निवत होता. मेल आल्याचा आवाज झाला. तिनं वाचला आणि फोन माझ्याकडे सरकवला.

"हे येणं बंद करता येतं का गं कुठून?"

मी शोधलं. अगदी खाली, बारीक अक्षरात सोय होती. बंद केलं.

"झालं?"

"झालं."

"मग पोळ्या टाकू या का, का थोड्या वेळानं?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन जरा आडवी झाली.